फाटकाबाहेर दिलेलं गाठोडं

अदिस अबाबा, तिकेमत ९, २००४ (इथल्या पंचांगानं)

वर्कू,

तुझं पत्र मिळालं. पाकीट मागच्या बाजूनं नीट चिकटलेलं नव्हतं. तू घाईत चिकटवलंस की वाटेत कोणी वाफ देऊन उघडलं, मला कळायला मार्ग नाही. म्हणून मी इथे कोणीही वाचलं तरी चालेल एवढंच लिहिणार आहे.

आधी हे सांगते, की माझे डोळे गेलेत. तुझं पत्र शेजारणीनं वाचून दाखवलं, आणि हेही तीच लिहून घेते आहे. तेव्हा अक्षर ओळखीचं वाटलं नाही तर दचकू नकोस.

पस्तीस वर्षांत तुझी एक ओळ नाही. मी तुरुंगातून सुटले तेव्हा नाही, आई गेली तेव्हा नाही. आणि आता एकदम परदेशातून, उप्सालाहून चार पानं, तीही 'प्रिय आत्सेदे' म्हणून! अरे, प्रिय कधीपासून झाले मी? नावापुरती तुझी बायको म्हणून त्या गुलेले वस्तीतल्या घरात सव्वा वर्ष काढलं, कारण एकट्या पोरांना घर द्यायला मालक तयार नव्हता. तेव्हाही तू मला 'ए' म्हणूनच हाक मारायचास. म्हणून तुझं पत्र ऐकताना माझ्या मनात पाल चुकचुकली.

म्हणे तू आपल्या बंदी घातलेल्या पक्षाच्या वर्तमानपत्राचा इतिहास लिहितो आहेस. 'फिम'चा. काय पण नाव ठेवलं होतंत, निखारा! माझ्या कॉफीच्या शेगडीत त्याहून जास्त निखारे असायचे. विद्यापीठाच्या वसतिगृहात पहिला अंक कसा टाइप झाला, स्टेन्सिलं कोणी कापली, घरं कशी बदलली, हे सगळं तुझं लिहून झालंय आणि आता गुलेलेच्या घराबद्दल मला 'जे जे आठवतं ते' हवंय. जे जे आठवतं ते! चौकीत बसलेला माणूसही असंच विचारायचा, अगदी याच शब्दांत.

मी आधी विचारणार, तू मग विचार. माझा भाऊ निगुसे त्या पुस्तकात आहे का? असला तर काय म्हणून आहे? दर वर्षी तुमचे लोक हुतात्म्यांची नावं छापतात. सबंध यादी मी पाहिली आहे, म्हणजे वाचून घेतली आहे. त्यात निगुसे नाही. सायक्लोस्टाइलचं हँडल ज्यानं फिरवलं, ज्याला त्या घरातून धरून नेलं आणि ज्याचं प्रेतसुद्धा आम्हाला मिळालं नाही, तो नाही. का नाही, हे मला आजवर कोणी तोंडावर सांगितलेलं नाही. तू सांग.

ते प्रकरण पाठव. तोवर माझ्याकडून एक अक्षर मिळणार नाही.

आत्सेदे

---

अदिस अबाबा, हिदार २१, २००४

वर्कू,

प्रकरण मिळालं. वाचलं. मी स्वतः वाचलं. डोळ्यांना काही झालेलं नाही, चष्मा लागतो एवढंच. मागचं पत्रही मीच लिहिलं, मुद्दाम वाकडं अक्षर काढून. आंधळ्या म्हातारीला तू काय पाठवतोस आणि काय गाळतोस, ते पाहायचं होतं. गाळलं काहीच नाहीस, हे मात्र मान्य करते.

पण जे लिहिलंयस ते मी वहीत उतरवून घेतलं. तुझीच वाक्यं तुला परत पाठवते, म्हणजे नंतर 'मी असं म्हटलंच नव्हतं' नको. 'गिनबोत महिन्यातल्या संत मिकाएलच्या दिवशी मी मागच्या खोलीच्या खिडकीतून पाहिलं की निगुसे फाटक किलकिलं करून बाहेरच्या माणसाच्या हातात एक गाठोडं देत होता. विचारल्यावर त्यानं उत्तर देण्याचं टाळलं. पुढच्याच महिन्यात, सेने महिन्याच्या मिकाएलला, वस्तीवर पाळत ठेवणाऱ्या केबेलेचे पहारेकरी आले तेव्हा फाटक आतून निगुसेनंच उघडलं. यावरून वाचकांनी काय तो बोध घ्यावा.'

वाचकांनी बोध घ्यावा! नाव तू घेणार, बोट तू दाखवणार, आणि बोध मात्र वाचकांनी घ्यायचा. निगुसे उत्तर देणं टाळायचा म्हणे. अरे, तो तोतरा होता! तू रागावून विचारलंस की त्याचं पहिलंच अक्षर अडकायचं, आणि तुला थांबायला कधी वेळ नसायचा.

आता माझंही ऐक. पहारेकरी आले त्या दिवशी घरात कोण नव्हतं? तू. मागच्या भिंतीवरून पहिली टोपली घेऊन तू गेलास, आणि तुझ्या पाठोपाठ ते आले. त्याच आठवड्यात तू सुदानच्या वाटेला लागलास. भिंतीवर चढताना तू मागे वळून पाहिलंस, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात होते. ते पाहणं मी पस्तीस वर्षं मनात घोळवलं आहे. जो माणूस काही सोडून चाललाय तो असं पाहतो, की ज्याला पुढचं ठाऊक आहे तो? मला तर दुसराच वाटत आला आहेस. हे आजवर मी कोणाला बोलले नाही, आज तुलाच सांगते.

तुझ्या इतिहासात त्या घराला 'गुप्त मुद्रणकेंद्र' म्हटलंयस. वाचून हसू आलं. दोन खोल्या, शेणानं सारवलेल्या, आणि पुढे पत्र्याचं कुंपण. यंत्राचा खडखडाट लपवायला तुलाच युक्ती सुचली होती: महिन्याच्या मिकाएलच्या दिवशी महबर भरवायचं. शेजाऱ्यांना वाटावं की नव्या जोडप्याकडे संताच्या नावानं मंडळी जमतात, जेवतात, स्तोत्रं म्हणतात, पुढच्या महिन्याला दुसऱ्याच्या घरी जातात. आपलं महबर मात्र कधीच दुसऱ्या घरी गेलं नाही. पुढच्या खोलीत आपल्यातलेच चौघं-पाचजण टाळ्या वाजवून गायचे, त्यातल्या निम्म्यांना शब्द येत नव्हते. मागच्या खोलीत निगुसे हँडल फिरवायचा. मी पहाटेपासून दाबो भाजायची, पानात गुंडाळलेला, मोठा, गोल पाव. छापलेले अंक टोपलीच्या तळाशी आणि वर दाबो. सगळं ठीक चाललं होतं. पाद्रीबाबा कुठे आहेत म्हणून कोणी विचारलं तर 'आजारी आहेत' म्हणायचं, असंही तूच शिकवलं होतंस.

हे लिहायचं असेल तर लिही. पण निगुसेचं नाव त्या वाक्यांतून काढ. नाही काढलंस तर तू भिंतीवरून कधी गेलास तेही छापलं जाईल, याची व्यवस्था मी करीन. अजून इथे वर्तमानपत्रं निघतात.

आत्सेदे

---

अदिस अबाबा, तिर ४, २००४

वर्कू,

मला धमक्या देऊ नयेत, असं तू लिहितोस. बरं. मग तूही मला शिकवू नकोस की इतिहासाला पुरावा लागतो. 'गाठोड्यात काय होतं ते सांगू शकत असशील तर सांग, मी आनंदानं वाक्य बदलीन.' आनंदानं! म्हणजे तुझ्या आरोपाला पुरावा मी शोधायचा, आणि तोही तो खोटा आहे याचा.

मला माहीत नाही त्यात काय होतं. घे. लिहून दिलं. मी चुलीपाशी होते, माझी पाठ होती.

तुला वाटेल म्हातारी हरली. तसं काही नाही. तुमचं मला सगळं ठाऊक आहे. तिकडे जाऊन तुम्ही पंधरा माणसं दोन तटांत फुटलात आणि दोन 'फिम' काढलेत, दोन्हींवर 'खरा अंक' असं छापून. पुढे सरकार बदललं, इथे छापायला मोकळीक मिळाली, तेव्हा त्यातला एक 'फिम' काही महिने अदिसमध्ये उघड निघत होता. मी अरात किलोच्या फुटपाथवर जायची. तिथे पेपर भाड्यानं देतात, दगडावर बसून वाचायचा आणि परत करायचा. माझ्या आजूबाजूला नोकरीच्या जाहिराती शोधणारी पोरं. मी त्यात भावाचं नाव शोधत बसलेली. पेपरवाला एकदा म्हणाला, "आई, तुम्ही रोज पहिलं पान सोडून शेवटचंच का वाचता?" त्याला काय सांगणार? हुतात्मे शेवटच्या पानावर असायचे.

आता इतक्या वर्षांनी जे एकमेव पुस्तक होणार, त्यात तो गद्दार म्हणून जाणार. आपण दोघंही फार दिवसांचे सोबती नाही. आपल्यानंतर फक्त तुझं पुस्तक उरेल आणि कोणी खोडून काढायला राहणार नाही. हीच तुझी घाई आहे का, असंही माझ्या मनात येतं. तू म्हणशील, हिचं मन वाकडं. असेल वाकडं. ते तसं झालं त्यात तुझाही हात आहे.

मला थोडा वेळ दे. गुलेलेच्या त्या गल्लीत मी तेव्हापासून पाऊल टाकलेलं नाही. आता टाकते. पलीकडच्या फाटकातली मुलुनेश आठवते? तिचा नवरा गेला, त्याचा चाळिसावा आहे, मला निरोप आलाय. त्या गल्लीत आम्हाला कोणी विकलं असेल तर मुलुनेशला ठाऊक असणारच. तिच्या नजरेतून कोंबडीसुद्धा सुटत नसे. कदाचित तिनंच विकलं असेल. जाऊन बघते.

तोवर छापायला देऊ नकोस. एवढी एक विनंती समज.

आत्सेदे

---

अदिस अबाबा, येकातित २, २००४

वर्कू,

मी जाऊन आले. हे पत्र बसून वाच.

चाळिसाव्याला गल्ली भरली होती. मांडव, मोठमोठी पातेली, घरी गाळलेल्या तेल्ला बिअरचे रांजण. मुलुनेश आता वाकली आहे, पण जीभ तशीच आहे. मला पाहिल्याबरोबर ओळखलं. "अगं बाई, विद्यार्थ्यांच्या महबरची नवरी!" असं मोठ्यानं म्हणाली, आणि तिच्या शेजारच्या बायका हसायला लागल्या. मला कळेना यात हसण्यासारखं काय आहे. वाटलं, म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं!

मी तिला बाजूला घेतलं, गोड बोलले. थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं म्हटलं, "एतेते, आम्हाला त्या दिवशी कोणी दाखवून दिलं? आता सांगायला काय हरकत आहे? सगळे गेले."

ती माझ्याकडे आ वासून बघायला लागली. म्हणाली, "दाखवून द्यायला कशाला हवं? तुम्हीच दाखवलंत की! असलं महबर कोणी पाहिलंय का? मिकाएलचा दिवस, आत गाणी चाललीत, दाबोचा वास पार चर्चपर्यंत, आणि फाटक बंद! भिकारी बाहेर 'मिकाएलच्या नावानं' ओरडून ओरडून घसा कोरडा करतात आणि आतून एक तुकडा येत नाही. आम्ही बायका तेव्हाच म्हणायचो, ही कसली ख्रिस्ताची लेकरं! तुला तरी गं, आईनं काही शिकवलं नव्हतं?"

वर्कू, मला आईनं शिकवलं होतं. आमच्या घरी मिकाएलला पहिला दाबो फाटकावर जायचा, मग घरातल्यांना. मला ठाऊक होतं, निगुसेलाही ठाऊक होतं. पण टोपल्यांत दाबोखाली अंक असायचे. चुकून एखादा बाहेर जाईल म्हणून तू हुकूम काढला होतास: छपाईच्या दिवशी फाटकाबाहेर दाबोचा तुकडाही जाता कामा नये. आठवतं? तुझ्या प्रकरणात हा हुकूम नाही. मी दोनदा शोधला.

मग मुलुनेशनं आंधळ्या भिकाऱ्याची, आबा तिरुनेची गोष्ट सांगितली. तो आपल्या गुलेलेच्या फाटकापाशी बसायचा. गिनबोतच्या मिकाएलला फाटक किलकिलं झालं आणि कोणीतरी त्याच्या हातात फडक्यात बांधलेला दाबो ठेवला. ते तुझं गाठोडं. निगुसेनं स्वतःचा वाटा बाहेर दिला होता. कशावरून म्हणशील, तर आबा महिनाभर गल्लीत सांगत फिरला, "त्या घरात एकच ख्रिश्चन आहे. ज्याच्या बोटांना रॉकेलचा वास येतो, तो." मुलुनेश हे हसत हसत सांगत होती, कारण कारखान्यात नसलेल्या पोराच्या हाताला रॉकेल का लागावं हे तेव्हा कोणालाच कळलं नव्हतं. मला कळलं. शाईचे हात तो रॉकेलनं धुवायचा. घरात तेवढा एकच जण हात धुवायचा रॉकेलनं.

पुढचं ऐक. सेने महिन्याचा मिकाएल म्हणजे मोठा सण. आबानं बाकीच्यांना सांगून ठेवलेलं, या फाटकावर मिळतं. म्हणून सगळे तिथेच जमले. आणि फाटक बंद! कारण त्या खिडकीतून तू जे पाहिलंस त्यानंतर निगुसेला फाटकाजवळ जायची बंदी झाली होती. आठवतं ना, त्या दिवशी हँडल सोडून तो दोनदा उठला आणि दोनदा तू त्याला खाली बसवलंस? मला वाटायचं तो घाबरलाय. तो हाका ऐकत होता.

आबाचा संताप झाला. तो काठी आपटून ओरडायला लागला, "मिकाएलला फसवता! आत ख्रिश्चन नाहीत!" गर्दी जमली. सणाच्या बंदोबस्तावरचा केबेलेचा पहारेकरी, काय भांडण आहे ते बघायला आला. बातमी लागून नाही आला, वर्कू. म्हाताऱ्याला गप्प करायला आला. मुलुनेश तिच्या फाटकात उभी होती.

तोवर तू भिंतीवरून गेला होतास. निगुसेला अडवायला कोणी उरलं नव्हतं. तो चुलीपाशी आला, ताजा दाबो उचलला. मी म्हटलं, "कुठे?" मला फक्त त्याची पाठ दिसली. मुलुनेशला पुढून दिसलं. तो फाटक उघडून दोन्ही हातांत दाबो धरून उभा होता आणि म्हणत होता, "आबा, रागावू नका, उशीर झाला, हे घ्या." एवढं वाक्य तो एकदाही न अडखळता बोलला. हे मुलुनेश आपणहून म्हणाली, मी विचारलं नव्हतं.

आबाच्या मागे पहारेकरी उभा होता. त्यानं दाबोकडे पाहिलं. दाबोवर काळ्या बोटांचे ठसे उमटले होते, दहाच्या दहा. मग त्यानं निगुसेचे हात पाहिले, बाकीच्या पहारेकऱ्यांना हाक मारली आणि त्याला बाजूला ढकलून आत आला.

दाबो चिखलात पडला. मुलुनेश म्हणाली, भिकाऱ्यांनी उचलून पुसून खाल्ला, सण होता ना. मी तिथेच मांडवात रडायला लागले. बायकांना वाटलं तिच्या नवऱ्यासाठी रडते, त्यांनी मला धरून बसवलं.

तू विकलं नाहीस. हे मला आता कळलंय आणि ते लिहायला मला किती जड जातंय, ते तुझं तुला समजेल. त्यानंही विकलं नाही. गाठोड्यात काय होतं ते तुला हवं होतं. आता वाक्य बदल, आनंदानं.

आत्सेदे

---

अदिस अबाबा, मियाज्या १७, २००४

वर्कू,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. लगेच लिहिलं असतं तर शिव्या घातल्या असत्या, म्हणून थांबले. शिव्या तरीही आहेत, फक्त थोड्या कमी.

निगुसेचं नाव काढतोस, ठीक. पण त्याच्या जागी काय घालतोस? 'गुलेलेचं केंद्र कसं उघडकीस आलं हे अज्ञात आहे.' अज्ञात! आणि पुढे मला समजावतोस की भिकारी, दाबो, आंधळा म्हातारा, हे गंभीर इतिहासात शोभणार नाही, विरोधक हसतील, म्हणतील की गरिबांचं वर्तमानपत्र भिकाऱ्यांना तुकडा न दिल्यानं बुडालं.

म्हणू देत की! खरंच आहे ते. पहिल्या पानावर तुम्ही काय छापायचात, मला पाठ आहे. 'उपाशी माणसाच्या बाजूनं.' उपाशी माणूस पत्र्याच्या पलीकडे बसून ओरडत होता आणि त्याचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून आपण टाळ्या वाजवत होतो. हे मी तुला हिणवायला लिहीत नाही. टाळ्या मीही वाजवल्या.

आणि ती शेवटची ओळ! 'एका अर्थी पाहिलं तर गर्दी निगुसेच्या दाबोमुळेच जमली.' ही ओळ वाचून मी पत्र चुरगळून शेगडीत टाकणार होते. कसला हा हिशोबीपणा रे? दिलेला दाबो दोषी, आणि लावलेलं फाटक निर्दोष? तू अजून त्या खिडकीतच उभा आहेस. तिथून तुला एवढंच दिसतं.

माझा पुन्हा संशय बळावतो, सांगून टाकते. तुला निगुसेला वाचवायचं नाही, तुला तो हुकूम लपवायचा आहे. नाव काढून टाकलं की कोणी विचारणारच नाही, नाही का? गद्दारही नाही, हुतात्माही नाही. तो त्या घरात होता हेच कोणाला कळणार नाही. त्यापेक्षा तुझी आधीची शिवी बरी, तिच्यात निदान तो होता!

मला 'अज्ञात' नको. जे झालं ते लिही. फाटक लावायला कोणी सांगितलं, त्याच्यासकट. नाही जमत तर पत्रं लिहिणं बंद कर.

आत्सेदे

---

अदिस अबाबा, सेने १३, २००४

वर्कू,

छापायला जाण्याआधीचं पान मिळालं. यावेळी पाकीट नीट चिकटलेलं होतं, मी उजेडात धरून पाहिलं.

तुला वाटलं असेल मी वाचून लगेच रडले. नाही रडले. आधी खोट शोधली. चष्मा पुसून दोनदा वाचलं, मग शेजारणीला खरोखरच बोलावलं आणि मोठ्यानं वाचायला लावलं. म्हटलं कानाला काही खटकतंय का बघावं. 'फाटक बंद ठेवण्याचा हुकूम माझा होता.' हे मी मागितलेलं. 'निगुसेनं आपला वाटा बाहेर दिला, आणि मी ते खिडकीतून पाहून त्याला गद्दार ठरवलं.' हेही मागितलेलंच समज. पण पुढचं मी मागितलं नव्हतं: 'त्याला फाटकापासून दूर ठेवलं नसतं, तर त्या सणाला आंधळ्या तिरुनेच्या हातात वेळेवर दाबो पडला असता आणि कदाचित पुढचे कितीतरी अंक निघाले असते. पस्तीस वर्षं मी चुकीच्या माणसावर संशय घेतला, कारण मग मला स्वतःकडे पाहावं लागत नव्हतं.'

शेजारीण वाचता वाचता थांबली. म्हणाली, "यात आता तुम्हाला काय खुपतंय?" मला काही सापडेना. सवय झालीये रे संशयाची, एवढ्या वर्षांची. तो सुटला तर हातांत काय धरायचं, असं झालं. मग रडले.

काल मिकाएल होता. आमच्या कोल्फेच्या महबरमध्ये, खरंखुरं महबर, पाद्रीबाबांसकट, मागच्या महिन्यात मी मुद्दाम पुढे होऊन भांडं माझ्याकडे घेतलं, म्हणजे यावेळचं जेवण माझ्या घरी. पहाटेपासून दाबो भाजले. फाटक सकाळीच उघडून मागे दगड लावून ठेवला. मंडळी यायच्या आधी बाहेर बसलेल्यांची रांग लागली. माझ्या मनात आलं, निगुसेचा चाळिसावा कधी झालाच नाही, तारीखच ठाऊक नव्हती. आज त्याचा दिवस धरू. म्हणून मी तुझं पान घेतलं, फाटकात उभी राहिले, आणि त्यांनाच वाचून दाखवायला लागले. पाद्रीबाबा आत थांबून राहिले.

पहिल्या अंकापासून नाही, फक्त गुलेलेचं तेवढं वाचलं. 'काळ्या बोटांचे ठसे' तिथवर आले आणि चष्मा पुसायला थांबले. तर रांगेतली पुढची म्हातारी, पायात काही नाही, डोक्यावर गोणपाट, मान वर करून म्हणाली, "देव त्याला जवळ करो बाई. चांगला पोरगा होता. वाचून झालं असेल तर आता दाबो आण."

सगळी रांग हसली. मीही हसले. पान पदरात खोचलं आणि आत जाऊन दाबो आणला. पहिला तुकडा त्या म्हातारीला, निगुसेच्या नावानं. तिनं अर्धा तिथेच खाल्ला आणि अर्धा फडक्यात बांधून घेतला.

पान तसंच छाप. एक शब्द हलवलास तर मला कळेल, माझ्याकडे हे ठेवलेलं आहे.

एक वाटा तुझ्यासाठीही काढलाय. मंडळी म्हणाली कोणाचा, मी म्हटलं माझ्या नवऱ्याचा, तो परदेशी असतो. स्वयंपाकघरात फडक्याखाली झाकून ठेवलाय. चार-पाच दिवस राहतो, मग बुरसतो.

आत्सेदे